सोलापुरात बघायला आहेच काय?

पत्र चांगलं चार पानी आहे, इथे थोडक्यात देते. लिहिणाऱ्या ताई सोलापूरच्या, वय ५२, माहेर-सासर दोन्ही तिथलंच. मुलगा पुण्यात नोकरीला, गेल्या वर्षी लग्न झालं, सून ठाण्याची. येत्या जानेवारीत व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच तीन दिवस राहायला येणार आहेत, सोबत सुनेच्या भावाचा ९ वर्षांचा मुलगा. व्याही रिटायर्ड, इतिहासाची आवड असलेले, विहीणबाईंचे गुडघे दुखतात. ताईंच्या मिस्टरांचं म्हणणं, "सोलापुरात बघायला आहेच काय, गाडी करू आणि अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर उरकून टाकू." सून एकदा हसत हसत म्हणाली होती की तुमच्याकडे चादर आणि चटणी सोडून काय, ते ताईंच्या मनाला लागलंय. त्यांनी मोबाईलवर बघण्यासारखी ठिकाणं शोधली तर निम्मी सोलापूरच्या बाहेरचीच निघाली. त्यात गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेची गर्दी, म्हणून पाहुण्यांना सरळ फेब्रुवारीत या म्हणावं का असंही चाललंय. शेवटी लिहितात, "किल्ल्यात मी शेवटची गेले ती सातवीत, शाळेतून नेलं होतं, एका पायरीवर बसून डबा खाल्लेला आठवतो. आता त्या लोकांना तिथे काय दाखवू? आपलं गाव दाखवायची लाज वाटते, आणि लाज वाटते याचीही लाज वाटते."

ताई,

आधी तुमच्या मिस्टरांचा प्लॅन घेऊ, कारण तो निकालात काढणं सोपं आहे. अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ च्या आसपास, पंढरपूर ७० च्या वर, आणि तिन्ही तीन दिशांना. म्हणजे एक करून परत सोलापुरात यायचं, पुन्हा दुसरीकडे निघायचं, पुन्हा परत. विहीणबाईंचे गुडघे गाडीतच आखडणार आणि देवळाच्या रांगेत उरलेला जीव जाणार. मी स्वतः हे पाप केलेलं आहे. नणंदेच्या सासरची माणसं आली होती तेव्हा एका दिवसात पाच देवळं आणि एक धरण असा बेत मीच आखला होता, तिसऱ्या देवळापाशी पोराला गाडीत उलटी झाली, पाचव्या देवळाशी कुणी गाडीतून उतरलंच नाही, खिडकीतून हात जोडले आणि चला म्हणाले. आजही त्या मंडळींना आमच्या गावाचं नाव काढलं की रस्त्यातले खड्डे आठवतात, देव नाही.

पण मिस्टर चूकच आहेत असंही म्हणणार नाही. विहीणबाईंची स्वामींवर श्रद्धा असेल, किंवा तुळजाभवानी त्यांची कुलदेवी असेल, तर त्यांना जायचंच असणार आणि न्यायलाच हवं. मग फोन करून सरळ विचारा ना, "एक देवदर्शन करायचं ठरवलंय, तुम्हाला कुठे जायला आवडेल?" एकच. बाकीची दोन ठिकाणं पुढच्या खेपेला, व्याही काय एकदाच येतात का.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही गृहीत धरलंय की पाहुणे सोलापूरला मार्क द्यायला येतायत. किती ठिकाणं दाखवली, किती भारी होती, फोटो कसे आले. मला नाही वाटत तसं. ठाण्याची माणसं आपली लेक ज्या घरात दिली त्या घरातली माणसं कुठल्या मातीतली आहेत ते बघायला येतायत, आणि ते काही यादीवरून कळत नाही. यादीतलं ठिकाण तुम्ही कसं दाखवता त्यावरून कळतं. "हे आमचं तळं, एवढं काही खास नाही" असं म्हणत तुम्ही तळं दाखवलंत तर त्यांनाही खास नाहीच दिसणार. घरी कुणी आलं की "भाजी जरा बिघडलीय हं" म्हणत वाढायची जी आपली सवय आहे ना, तीच आपण गावालाही लावतो.

म्हणून माझा पहिला सल्ला पाहुण्यांसाठी नाहीच. ते यायच्या आधी एका रविवारी सकाळी तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघंच, किल्ल्यात जाऊन या. सातवीनंतर पहिल्यांदा. ४० वर्षं ज्याच्या बाजूनं रिक्षानं जाताय त्याच्या आत एकदा तिकीट काढून शिरा. कुठे सावली आहे, बसायला कुठे जागा आहे, विहीणबाईंना कुठपर्यंत चालवेल, स्वच्छतागृह कुठे आहे, हे सगळं तेव्हाच कळेल आणि ते कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं. मुख्य म्हणजे तुम्हाला स्वतःला काय आवडलं ते कळेल. तुम्हाला जे आवडलं नाही ते दाखवू नका, भले ते कितीही प्रसिद्ध असो.

किल्ल्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण व्याह्यांना इतिहास आवडतो आणि तुम्हाला वाटतंय तिथे दाखवायला काही नाही. एक तर तो भुईकोट आहे, म्हणजे डोंगर चढायचा नाही, गुडघेवाल्या माणसाला महाराष्ट्रात याहून सोयीचा किल्ला मिळणं कठीण (तटावर मात्र त्यांना चढवू नका, खालूनच फिरवा). बहमनी काळातला, दुहेरी तटबंदी, खंदक, आत ३२ खांबांची वास्तू, आणि जमिनीखालून निघालेलं कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ. पण नुसते दगड दाखवून काय होतं, गोष्ट सांगा. सोळाव्या शतकात विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली मुलगी अहमदनगरच्या निजामशहाला दिली, तेव्हा हा किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं होतं. दिला नाही. झालं, त्यावरून दोन्ही घराणी ४० वर्षं भांडत राहिली, लढाया झाल्या, आणि शेवटी अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हाच किल्ला पुन्हा हुंड्यातच विजापूरकडे गेला. अख्खा किल्ला, एकदा नुसता कबूल केलेला आणि एकदा खरोखर दिलेला, हुंड्यात! फक्त व्याह्यांसमोर ही गोष्ट सांगताना मिस्टरांना म्हणावं हसून सांगा, नाहीतर त्यांचा भलताच समज व्हायचा. पुढे पेशवाई बुडाली त्या वर्षी, १८१८ च्या मे महिन्यात, इंग्रजांच्या जनरल मन्रोनं इथेच वेढा घातला होता. एवढं ऐकल्यावर इतिहासवाला माणूस स्वतःच बोलायला लागतो, तुम्ही फक्त पाण्याची बाटली धरून बाजूला उभं राहायचं.

किल्ल्याला लागूनच तळं, तळ्यात सिद्धेश्वर. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमचं रोजचं. पण रोजचं आहे म्हणूनच तुम्ही ते पाहुण्यांच्या यादीत "देवदर्शन, अर्धा तास" असं टाकलंय, पत्रात वाचलं मी. अर्धा तास नको. संध्याकाळी न्या, ऊन उतरल्यावर, आणि सांगा की बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर नावाचा शिवयोगी इथे होऊन गेला, बसवेश्वरांच्या काळातला, वचनं लिहिली ती कन्नडमध्ये, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, आणि नुसती पूजाअर्चा न करता लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. कोरड्या मुलुखात तळं खोदणारा माणूस म्हणजे काय हे ठाण्याच्या माणसाला चटकन नाही कळत, त्यांच्याकडे पाऊस धो धो. तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते त्यांना तीन दिवसांत कळेलच, मग ते तळ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतील.

आणि आता गड्डा. ताई, तुम्ही पाहुण्यांना गड्ड्याच्या गर्दीमुळे फेब्रुवारीत बोलवायचं म्हणताय, तिथे मी खरंच कपाळावर हात मारला. माझी मावशी सोलापूरला दिलेली. लहानपणी आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथे जायच्या आणि दर वेळी मावशी म्हणायची, तुम्ही चुकीच्या महिन्यात येता गं पोरींनो. शेवटी एकदा शाळा बुडवून संक्रांतीला गेलो. पांढऱ्या बाराबंदीतली एवढी माणसं, ते उंचच उंच नंदीध्वज कमरेला तोलून चालणारे, आणि सगळं गाव रस्त्याच्या कडेला. एका कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, नाही म्हणाले, पण माझ्या योगदंडाशी लग्न लाव म्हणाले. ते लग्न दर वर्षी लागतं. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात, हजारो माणसं एकदम अक्षता टाकतात, मला तेव्हा ती गोष्टही धड माहीत नव्हती तरी अंगावर काटा आला होता. संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. वर्षभरात सोलापूर सर्वात जास्त सोलापूर कधी असतं तर तेव्हा, आणि तुम्ही नेमकं तेच लपवायला निघालाय.

तरी गुडघे आहेत, लहान पोर आहे, गर्दीत तासन् तास उभं राहणं त्यांना झेपणार नाही, हे मान्य. मग दोन वाटा. मिरवणुकीच्या रस्त्यावर कुणा नातेवाईकाचं किंवा ओळखीच्यांचं घर किंवा दुकान असेल (सोलापूरकराचं असतंच) तर तिथे आधीच शब्द टाकून ठेवा, विहीणबाईंना खुर्ची आणि वरून दिसणारी जागा मिळाली की काम झालं, अक्षतांच्या गर्दीत मात्र फक्त व्याही आणि मिस्टर जाऊ देत. नाहीतर किंक्रांत उलटल्यावर बोलवा. मुख्य विधी झालेले असतात पण होम मैदानावरची जत्रा पुढेही बरेच दिवस चालते, पाळणे, खेळणी, खाऊ, ९ वर्षांच्या पोराला अजून काय हवं. मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट घेतली असती, पहिल्या भेटीत निवांतपणा बरा. आणि मग पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून भोगीला येतो म्हटलं पाहिजे.

जानेवारीचा अजून एक धागा आहे, तो बहुतेक सोलापूरकर पुतळ्यांवरून नजर फिरवत विसरून जातात. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गाव पेटलं, गोळीबार झाला, आणि काही दिवस सोलापुरात इंग्रजांचा कारभारच उरला नाही. मग मार्शल लॉ लागला. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली, मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी व्याह्यांना पाच मिनिटं थांबवा आणि फक्त ही चार नावं मोठ्यानं वाचायला सांगा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. सोलापूर हे काय गाव आहे ते या चार नावांत आलं, वेगळं भाषण द्यायला नको. नऊ वर्षांच्या पोरालाही हे कळतं, उलट मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

त्याच पोरासाठी भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला मदतीला गेले त्यातले एक, बाकीचे परत आले, हे तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. चीनमधून मोठमोठी माणसं या घराला नमस्कार करायला येतात आणि आपण त्याच चौकातून भाजी घेऊन जातो. सोबत पोराचं अजून मन रमवायचं असेल तर केगावकडचं विज्ञान केंद्र आहे, तिथे त्याला हात लावून बघता येईल असं बरंच काही आहे आणि व्याही-विहीण बसून राहू शकतात.

इंद्रभुवन बाहेरून दाखवा. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती इमारत, महापालिकेत दाखला काढायला जाताना आपण कधी मान वर करून बघत नाही. रस्त्याच्या पलीकडून बघायची, कमानी, नक्षी, घुमट, पाच मिनिटं पुरे.

आता चादर. सूनबाईंच्या त्या वाक्यावर तुम्ही एवढ्या नाराज झालात, पण मला विचाराल तर तिनं चुकून बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. चादर आणि चटणी "सोडून" काय, असं का विचारायचं? चादर का आहे ते दाखवा की. १८६० च्या सुमारास रेल्वे आली, त्या शतकातच जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या, गिरण्यांच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि झोपायचं, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले ते पूर्व भागात वसले, आणि आज त्या भागात फिरलात तर पाट्या तेलुगूत, घरातून तेलुगू ऐकू येतं आणि बाहेर यंत्रमागांची खटखट. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ती आता सोलापूरची म्हणून कायद्यानं नोंदलेली आहे. पाहुण्यांना दुकानात नेऊन चादर घेऊन देणं हे सगळेच करतात. तुम्ही आधी त्यांना माग दाखवा. मिस्टरांच्या ओळखीत कुणी ना कुणी कारखानदार निघेलच, सकाळी एक तास, ताणा-बाणा म्हणजे काय, नक्षी दोन्ही बाजूंना उलटसुलट रंगात कशी येते, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना पाडलेल्या भोकांवरून मागाला फुलं कशी कळतात. बाई, मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास तिथून हलले नव्हते. आवाज खूप असतो, बोलता येत नाही, ते एक बरंच असतं व्याह्यांच्या पहिल्या भेटीत. तिथून मग चादर घ्या, ती चादर घरी गेल्यावर अंथरताना त्यांना तो आवाज आठवेल.

चटणीचं तुम्हाला मी काय सांगू? कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि जानेवारी आहे तर शेतावर हुरडा. कुणाचं शेत नसेल तर हल्ली हुरडा पार्टीची ठिकाणं आहेत. अर्धा दिवस तिथे गेला तर जाऊ दे, "ठिकाण" म्हणून तो मोजा.

आणि रिक्षा. हसू नका. शक्य असेल तिथे स्वतःच्या गाडीनं न जाता एकदा तरी रिक्षानं न्या त्यांना. रिक्षावाला तुमच्याशी मराठीत बोलतो, फोनवर बायकोशी कन्नडमध्ये, सिग्नलला दुसऱ्या रिक्षावाल्याशी तेलुगूत आणि शिवी देताना हिंदीत. आपल्याला यात काही वाटत नाही, बाहेरचा माणूस थक्क होतो.

बाहेर जायचंच असेल, म्हणजे देवदर्शनाच्या ऐवजी एखादं ठिकाण, तर माझं मत हत्तरसंग कुडल. ४० एक किलोमीटरवर, भीमा आणि सीनेच्या संगमावर. गर्दी नाही, स्टॉल नाहीत, नदी आणि जुनी देवळं. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी एक, आणि त्याचा भावार्थ असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर मराठीत आपल्याला शुभेच्छा देऊन ठेवल्यात! शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात साडेतीनशेच्या वर मुखं कोरलेलं एक शिवलिंग आहे, पोराला मोजायला बसवा, तुम्ही झाडाखाली डबा उघडा. व्याह्यांसाठी हे एक ठिकाण तीन तीर्थक्षेत्रांच्या धावपळीपेक्षा भारी ठरेल असं माझं मन सांगतंय. मात्र घरूनच खायचं-प्यायचं घेऊन निघा, आणि शिलालेख शोधायला कुणा माहीतगाराला सोबत घेतलंत किंवा देवळात विचारलंत तर बरं, नाहीतर समोर असून दिसत नाही.

विजापूर, म्हणजे आता विजयपूर, १०० किलोमीटर. गोलघुमट भव्यच आहे, हुंड्याच्या गोष्टीचं दुसरं टोकही तिथेच, पण अख्खा दिवस जातो आणि घुमटात वर आवाज ऐकायला जायचं तर खूप पायऱ्या आहेत, विहीणबाई खाली बसून राहतील. नळदुर्ग सुरेख, पण जानेवारीत नर-मादी धबधबा दाखवतो असं कबूल करून बसू नका, तो पाऊसपाणी भरपूर झाल्यावर कोसळतो. नान्नजला माळढोक दिसेल असंही सांगू नका, तो पक्षी आता जवळपास दिसेनासाच झालाय. पहाटे गेलात तर काळविटांचे कळप मात्र दिसतात, आणि सोलापूरचा तो उघडा माळ हिवाळ्यात सोनेरी असतो. व्याही पहाटे उठणारे असतील तर दोघं पुरुष जाऊन येतील.

सगळं नका करू. एवढं मी लिहिलंय ते निवडायला. सकाळी एक, संध्याकाळी एक, दुपारी जेवण आणि झोप, असं धरलं तर तीन दिवसांत सहाच जागा होतात, त्यातली एक देवदर्शनात आणि एक हुरड्यात गेली. राहिल्या चार. किल्ला आणि तळं एकमेकांना चिकटून आहेत तरी एकाच फेरीत कोंबू नका, किल्ला सकाळचा आणि तळं संध्याकाळचं. आणि एक दुपार पूर्ण रिकामी सोडा, गप्पांना. पाहुण्यांना घेऊन हिंडणारे यजमान रात्री स्वयंपाकघरात चिडचिड करतात आणि ते पाहुण्यांना ऐकू जातं, हे मी अनुभवानं सांगते.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं, कारण असाच प्रश्न मला लातूरहून आलाय, सांगलीहून आलाय, जळगावच्या एका मुलानंही विचारलाय की मैत्रिणीला गाव काय दाखवू. मध्यम आकाराच्या शहरांचं हेच दुखणं, ना पुण्या-मुंबईसारखं नाव, ना खेड्यासारखं निवांत. तुम्ही यादी शोधू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की आपल्या गावाला पाणी कुठून यायचं, पैसा कुठून यायचा, आणि गाव कधी पेटलं होतं. जिथे जिथे त्यांचं बोट जाईल तिथे पाहुण्यांना न्या. लातूरच्या माणसाला गंजगोलाई म्हणजे ट्रॅफिक वाटतो, पण १६ रस्ते एका गोल बाजाराला येऊन मिळतात हे बघायला बाहेरचा माणूस थांबतो. सांगलीकरांनो, कृष्णेचा घाट तर दाखवालच, पण हळदीच्या बाजारात घेऊन जा, तो वास आणि तो रंग दुसरीकडे कुठे मिळणार. आणि उन्हाळ्यात पाहुणे येणार असतील तर सकाळी १० च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतर, मधे घराबाहेर काढू नका, मराठवाडा-सोलापूरचं ऊन हे काही प्रेक्षणीय स्थळ नाही. आत जायचं असेल तिथली सुट्टी आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारायची, बंद दारासमोर सेल्फी काढून परत येण्यासारखं वाईट काही नसतं.

ताई, सूनबाईंचं राहिलं. तिला यात घ्या. ती पुण्यात असते, सणाला येते, दोन दिवस राहते, तिला तरी सोलापूर कुणी दाखवलंय? तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर ती चार वेळा आली आणि चारही वेळा घरातच होती, पूजा, नातेवाईक, जेवणं. मग तिला चादर आणि चटणीच दिसणार की, घरात तेवढंच होतं. तिला फोन करा आणि म्हणा, तुझे आईबाबा यायच्या आधी एक शनिवार-रविवार तू ये, आपण दोघी मिळून ठरवू कुठे न्यायचं. वर मी म्हटलं ना, किल्ल्यात तुम्ही आणि मिस्टर दोघंच जा, तिथे हवं तर मिस्टरांना घरी ठेवा आणि तिला न्या. तिच्या आईचे गुडघे कुठपर्यंत चालतात ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. आणि आपल्या आईबाबांना तीच पुढे होऊन "हे बघा, हा किल्ला दोन लग्नांत हुंड्यात ठरला होता" असं सांगायला लागली तर तुम्हाला तोंडही उघडायला लागणार नाही.

डबा मात्र घेऊन जा त्या रविवारी, कडक भाकरी आणि चटणीचाच. ती सातवीतली पायरी सापडते का बघा आणि सापडली तर मला दोन ओळी लिहून कळवा, चार पानी पत्र नको.